रुमालाची गाठ : जंगलातील कीड आणि तिचे दफ्तर



ज्या गुरुजींच्या स्मृतीप्रीत्यर्थ आपण दरवर्षी या सभागृहात जमता, त्यांचे दर्शन मला कधी घडले नाही. परंतु त्यांच्या हाताखाली अक्षरे गिरवलेले काही वृद्ध गृहस्थ आज पहिल्या रांगेत बसले आहेत आणि त्यांनीच मघाशी चहाच्या वेळी मला सांगितले की, हातात एखादे पान घेतल्यावाचून गुरुजींचा निसर्गाचा तास सुरू होत नसे. तेव्हा मीही रिकाम्या हाताने आलो नाही, याचे मला समाधान वाटते. हे पाहा सागाचे पान. मुळशीच्या वाटेवर बांधावरच्या एका सागाखाली ते पडले होते. मागे बसलेल्या मंडळींना हे पान न वाटता जुन्या लुगड्याचा विरलेला पदर वाटेल. कारण शिरा तेवढ्या उरल्या आहेत आणि शिरांमधले हिरवे सारे कोणीतरी बिनबोभाट नेले आहे. हे ज्या अळीचे काम, ती माझ्या करंगळीएवढीही नसते.

आपल्या हिंजवडीत आता दोन गावे नांदतात, असे म्हटल्यास ग्रामस्थांनी रागावू नये. चैत्री पौर्णिमेला म्हातोबाचे बगाड घेऊन वाकडच्या वाटेला लागते ते एक गाव, आणि काचेच्या इमारतींत रात्रपाळीला बसून सातासमुद्रापलीकडच्या पेढ्यांचे हिशेब सांभाळते ते दुसरे. पहिल्या गावाने भातावर, उसावर, वालाच्या वेलावर औषध मारले आहे आणि ते लागू पडेनासे झाल्याचा अनुभवही घेतला आहे. दुसऱ्या गावाला हे ठाऊक आहे की, यंत्रात लिहून ठेवलेले असते सारेच, पण चालते तेवढेच जेवढे बोलावले जाते. या दोन अनुभवांची गाठ पडते तेथे आजचा विषय उभा आहे. जंगलातली कीड विष पचवते कशी, आणि त्यात तिच्या जनुकांच्या नियमनाचा वाटा कोणता, एवढेच मला सांगायचे आहे.

आरंभी माझ्याच आयुष्यातली एक आठवण सांगतो. वयाचा हा अधिकार आपण मान्य कराल. तरुणपणी चंद्रपूरकडच्या एका सागवनात पावसाळ्याच्या तोंडाशी मुक्कामाला होतो. पहिले पाऊस होऊन गेलेले, सागाला पोपटी पालवी फुटलेली. रात्री जाग आली तो बाहेर बारीक पाऊस पडत असल्याचा आवाज. कंदील घेऊन बाहेर आलो, तर आकाशात चांदणे निथळत होते आणि अंगणात पाण्याचा थेंब नव्हता. आवाज पावसाचा नव्हता. माथ्यावरच्या पानांत लाखो अळ्या चरत होत्या आणि त्यांची विष्ठा खालच्या वाळलेल्या पाचोळ्यावर सतत झरत होती. शास्त्रज्ञ जिला हिब्लिया प्युएरा म्हणतात ती ही अळी. हिचे पतंग थव्याने येतात, कोवळ्या पालवीवर अंडी घालतात, आणि पुढच्या दहाबारा दिवसांत भर पावसाळ्यात टेकडी उन्हाळ्यासारखी उघडी पडते. या पानाची जाळी करणारी अळी तिची चुलत बहीण म्हणा. ती मागाहून, पाने जून झाल्यावर येते. झाड यामुळे मरत नाही, म्हणून फारसे कोणी मनावर घेत नाही. पण केरळातील निलंबूरच्या कोवळ्या सागवनांत पीचीच्या वनसंशोधन संस्थेने जो हिशेब मांडला, त्यात अळीपायी लाकडाची संभाव्य वाढ शेकडा ४४ने बुडते, असे दिसून आले. सरकारी जमाखर्चात ही तूट कोठेच दिसत नाही. कारण जे वाढलेच नाही त्याची नोंद कोण करणार?

आता अशी अळी दिसली की मनुष्याच्या मनात पहिला विचार कोणता येतो? औषध मारावे, हाच. आपल्या भाषेची गंमत पाहा : जे विष आपण दुसऱ्याला पाजतो त्याला आपण औषध म्हणतो, आणि अळी मेली नाही की “औषध लागू पडले नाही,” अशी तक्रार करतो, जणू अळी हाच आपला रोगी होता आणि तो बरा झाला नाही! कृषी सेवा केंद्राच्या फळीपुढे उभा असलेला शेतकरी हीच गोष्ट आणखी एका शब्दात सांगतो. तो म्हणतो, “साहेब, किडीला औषधाची सवय झाली.”

हा शब्द बरोबर आहे काय? त्याचे उत्तर देण्यात माझा पुढचा सारा वेळ जाणार आहे.

तक्रार मात्र जुनी आहे. १९१४ साली अमेरिकेतील मेलँडर नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने, कीटक फवाऱ्याला दाद देईनासे होतात की काय, असा प्रश्न उघडपणे विचारला. त्या वेळी डीडीटीचा उदय व्हायचा होता आणि सफरचंदावरच्या खवलेकिडीवर गंधक व चुन्याचे पाणी मारीत असत. पुढे १९३९ साली पाउल म्युलर याने डीडीटीचा कीटकनाशक गुण ओळखला, १९४८ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले, आणि आता डास, माशा, पिसवा यांचा निकाल लागला, असे जगाला वाटू लागले. निकाल लागला खरा. पण कोणाच्या बाजूने? त्या पारितोषिकाला अकरा वर्षे होतात न होतात तोच, १९५९ साली, तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पंचमहाल जिल्ह्यात हिवतापाचा डास डीडीटीला जुमानीत नाही, असे आढळले. कापसाची कथा तर आपण सर्वांनी वर्तमानपत्रांत वाचली आहे. विदर्भात २०१७ साली गुलाबी बोंडअळीने कपाशी पोखरली, आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणारी माणसे विषबाधेने दगावली. कीड जगली आणि फवारणारा गेला, याहून उलटा न्याय तो कोणता?

परंतु मला जंगलाकडे परतले पाहिजे. आणि जंगलाकडे जाण्याची माझी वाट, आपल्याला आश्चर्य वाटेल, पुण्याच्या पेशवे दफ्तरावरून जाते.

पुराभिलेखागारातील ते दफ्तर ज्यांनी पाहिले असेल त्यांना त्याचे रूप आठवेल. फडताळांच्या ओळीच्या ओळी, आणि फडताळांत कापडाच्या चौकोनात बांधून ठेवलेले कागद. त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. असे हजारो रुमाल तेथे आहेत. रियासतकार सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात त्यांतले निवडक कागद ४५ खंडांत छापून काढले, आणि पेशवाईचा जो इतिहास आपण वाचतो त्यातला मोठा हिस्सा त्या निवडीवर उभा आहे. म्हणजे रुमालांत लिहिलेले आहे ते एक, आणि कोणता रुमाल कोणी केव्हा सोडला ते दुसरे. ज्या रुमालाची गाठ सुटली नाही तो असून नसल्यासारखा.

प्राण्यांच्या आणि वनस्पतींच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असे एक दफ्तर असते. डीएनएचा धागा प्रथिनांच्या चकत्यांवर गुंडाळून, आवळून, बांधून ठेवलेला असतो आणि त्यावर जनुके लिहिलेली असतात. अळीच्या डोळ्याच्या पेशीत जे दफ्तर आहे तेच तिच्या आतड्याच्या पेशीत आहे. मग डोळा डोळा का आणि आतडे आतडे का? कारण दोन्ही कचेऱ्यांत निरनिराळे रुमाल सोडले जातात. कोणते जनुक वाचायचे, केव्हा वाचायचे, किती वेळा नक्कल काढायची आणि कधी थांबायचे, या बंदोबस्तालाच जनुकांचे नियमन म्हणतात. फ्रान्समध्ये जाकोब आणि मोनो या दोघांनी १९६१ साली एका साध्या जंतूत हे दाखवून दिले : दुधातली साखर समोर असेल तेव्हाच ती पचवण्याचा हुकूम सुटतो, एरवी तो दाबून ठेवलेला असतो. जंतूसारखा जंतू, पण कोठाराचे कुलूप उगीच उघडे ठेवीत नाही!

आता विष शरीरात शिरल्यावर अळी काय करते ते पाहू. तिच्या आतड्यात आणि चरबीच्या पेशींत विकरांची एक फौज असते. त्यांतल्या पहिल्या फळीला पी-४५० म्हणतात. या विकरांवर एका विशिष्ट वायूची क्रिया झाली की ते ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शोषतात, एवढ्याच योगायोगावरून हे रुक्ष नाव पडले आहे. हे विकर विषाच्या रेणूला प्राणवायूचा डाग देऊन त्याची धार बोथट करतात. दुसरी फळी त्या बोथट रेणूला गंधकाचा किंवा साखरेचा एक तुकडा चिकटवते, की त्यामुळे तो पाण्यात विरघळावा. तिसरी फळी पेशीच्या वेशीवर उभी असते आणि असा शिक्का मारलेला रेणू दिसला की त्याला हद्दपार करते. तोडणे, शिक्का मारणे, बाहेर काढणे : एखाद्या जुन्या जकातनाक्याचा शिरस्ता याहून वेगळा नव्हता.

ही फौज आळशी अळीतही असते, शूर अळीतही असते. भेद असतो तो संख्येत. ज्या अळीच्या अंगी हे विकर अधिक प्रमाणात आणि वेळेवर तयार होतात, ती तरते. आणि ते अधिक का तयार होतात? येथेच आपली वाट दोन फाट्यांनी जाते, व सभागृहातील मंडळींनी हा फाटा नीट ध्यानात ठेवावा. कारण “सवय झाली” या शब्दात आपण दोन्ही फाट्यांची सरमिसळ करीत असतो.

पहिला फाटा एकाच जिवाच्या हयातीतला. विषाची अर्धवट मात्रा पोटात गेली की पेशीत एक प्रकारचा दाह उत्पन्न होतो. आता गंमत ऐका. पेशीत एक प्रथिन असते, त्याला कीटकशास्त्रज्ञ सीएनसी-सी म्हणतात. नाव सोडून द्या. आपण त्याला फर्मान म्हणू. हे फर्मान पेशीत क्षणोक्षणी लिहिले जाते आणि क्षणोक्षणी फाडून टाकले जाते. कारण त्याच्या शेजारीच कीप-१ नावाचे दुसरे प्रथिन बसलेले असते, व फर्मान लिहून होते न होते तोच ते त्याची विल्हेवाट लावते. हा केवढा अपव्यय, असे वाटेल. पण विषाचा दाह सुरू झाला की फाडणाऱ्याचा हात आखडतो, फर्मान वाचते, पेशीच्या केंद्रकात शिरते, मॅफ नावाच्या जोडीदारासह नेमक्या जनुकांच्या उंबऱ्यावर जाऊन बसते, आणि तिन्ही फळ्यांचे रुमाल भराभर सुटू लागतात. नवे फर्मान लिहायला वेळ लागला असता. येथे ते लिहिलेले तयारच असते, फक्त फाडणे थांबवायचे असते. संकटाच्या वेळी मसुदा करीत बसणाऱ्या आपल्या कित्येक कचेऱ्यांनी या व्यवस्थेचा अभ्यास करावा, असे मला राहून राहून वाटते. हा मनुष्यातही जवळजवळ तसाच चालणारा कारभार आहे. आपल्या यकृतात त्याच घराण्यातली प्रथिने हेच काम करतात.

ही झाली खरी सवय. ती विष संपले की ओसरते आणि अळीबरोबर संपते. हिला सहनशीलता म्हणावे.

दुसरा फाटा पिढ्यांचा. हजार अळ्यांत एखादी अशी निपजते की, तिच्या दफ्तरात एका रुमालाची गाठ जन्मतःच ढिली असते. विष असो वा नसो, ते जनुक सदा वाचले जाते. एरवी अशी अळी चार जणींसारखी जगून गेली असती. पण आपण फवारणी केली, बाकीच्या मेल्या, आणि वंश चालला तो तिचा. म्हणजे अळीला काहीच शिकावे लागले नाही. निवड आपण केली. सरदेसायांनी रुमाल निवडले ते डोळसपणे, आणि आपण अळ्या निवडतो त्या डोळे झाकून. याला प्रतिरोध म्हणावे.

या दुसऱ्या फाट्याचा मासला पाहायचा तर तो फळमाशीत पाहावा. जगाच्या पाठीवर ठिकठिकाणच्या फळमाश्या डीडीटीला दाद देत नाहीत. २००२ साली त्याचे कारण सापडले. एका पी-४५० जनुकाच्या अलीकडे, म्हणजे मूळ मजकुराला हातही न लावता, एक भटका डीएनएचा तुकडा येऊन बसला होता, आणि त्याच्यामुळे ते जनुक वाजवीपेक्षा कितीतरी अधिक वाचले जात होते. हुकुमातले एक अक्षर बदलले नव्हते. हुकूम मोठ्याने वाचला जात होता इतकेच. डीडीटीला न जुमानणाऱ्या काही फळमाश्यांत तर फर्मान सदाच जागे असल्याचे आढळले. तेथे सदाच युद्धकाळ.

बटाट्यावरच्या माव्याने आणखी निराळी तऱ्हा काढली. विष गिळून बसणाऱ्या विकराचे जनुक त्याने एकाचे अनेक केले, काही माव्यांत दहादहापट. इंग्लंडातील रॉथमस्टेडच्या संशोधकांनी त्याचा छडा लावताना एक विलक्षण गोष्ट पाहिली. काही माव्यांत या सर्व प्रती जागच्या जागी होत्या, पण मुक्या होत्या. डीएनएवर जी एक बारीक रासायनिक खूण असते ती तेवढी पुसली गेली होती, आणि मावा पुन्हा विषाने मरू लागला होता. दफ्तर तेच, रुमाल तेच, फक्त वरची चिठ्ठी गळून पडली.

आणि आपली गुलाबी बोंडअळी? तिची चाल कारकुनी आहे. बीटी कपाशीचे विष अळीच्या आतड्यातल्या कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाला धरून बसते. भारतातल्या शेतांतून गोळा केलेल्या अळ्या तपासल्या तेव्हा असे आढळले की, या प्रथिनाच्या जनुकाची नक्कल काढताना मधली मधली पाने गाळली जात आहेत, आणि तीही प्रत्येक ठिकाणी निरनिराळी. नक्कल अपुरी, प्रथिन मोडके, आणि विषाला धरायला जागाच नाही. सरकारी कागदातून सोयीचे पान गहाळ करणाऱ्या कारकुनाची विद्या या अळीला कोणी शिकवली, देव जाणे.

आपण म्हणाल, ही सारी शेतातली आणि बागेतली मंडळी, जंगलाचे काय? बंधुभगिनींनो, आजच्या व्याख्यानाचा गाभा येथेच आहे, आणि त्यासाठी मला पुन्हा हे पान हातात घेतले पाहिजे.

झाड पळून जाऊ शकत नाही. त्याला शिंगे नाहीत, नखे नाहीत. त्याच्याजवळ एकच शस्त्र आहे, ते रसायनाचे. पानात तुरट टॅनिने, साल सोलली की झोंबणारे राळेचे वास, सागाच्या लाकडात वाळवीला नकोशी होणारी क्विनोने, चाफ्याचा आणि रुईचा चीक, निंबाचा कडूपणा : आपण ज्याला झाडाचा गुण म्हणतो तो बहुतेक वेळा झाडाचा फवारा असतो. कोट्यवधी वर्षे झाड हा फवारा मारीत आले आहे, आणि तितकीच वर्षे अळी तो पचवीत आली आहे. तेव्हा डीडीटीचा किंवा डेल्टामेथ्रिनचा रेणू जेव्हा अळीच्या तोंडात प्रथम पडला, तेव्हा तिच्यापुढे नवा शत्रू उभा राहिला, अशी आपली समजूत होती. प्रत्यक्षात त्या रेणूला कापणारी कात्री तिच्या घरात कधीचीच होती, झाडाशी झालेल्या पुरातन भांडणात घासून पाजवून ठेवलेली. आपण केले ते इतकेच की, कात्री ठेवलेल्या रुमालाची गाठ सोडायला तिला निमित्त दिले.

हे केवळ अलंकारिक बोलणे नव्हे. एका साध्या मोजणीने त्याची प्रतीती येते. मनुष्याच्या दफ्तरात पी-४५० जनुके ५७ आहेत. नाना झाडे खाणाऱ्या घाटेअळीत ती शंभराच्या वर आहेत. आणि मधमाशीत? पाळीव युरोपीय मधमाशीचे दफ्तर २००६ साली वाचून झाले तेव्हा ती ४६च्या आसपास निघाली. असे का? मधमाशीला फूल विष पाजत नाही. ते तिला बोलावते, आर्जव करते, मध देते. जिला आयुष्यभर पाहुणचारच मिळाला तिने चिलखत कशाला बाळगावे? म्हणून मी जंगलातल्या फवाऱ्याला भितो. त्या फवाऱ्यात अळी आणि मधमाशी दोघीही सापडतात. एकीच्या घरी शंभर कात्र्या, दुसरीच्या घरी निम्म्याहून कमी. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था आहे, तेव्हा पुणेकरांना तरी हे निराळे सांगायला नको.

आपल्या शेजारी, पाषाणला, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत घाटेअळीच्या पोटावर पुष्कळ वर्षे काम झाले आहे. हरभरा आपल्या दाण्यात असे प्रथिन ठेवतो की ज्याने अळीची पचनक्रिया अडावी. अळी काय करते? ते प्रथिनच पचवून टाकते. आणि परक्या झाडाचे असे प्रथिन तिला खाऊ घातले, तर ज्या विकरांना ते अडवू शकत नाही अशा दुसऱ्या विकरांची जनुके ती पुढे करते. एक नाका बंद झाला की माल दुसऱ्या वाटेने. येथे मनुष्याचे विष नाहीच. झाड आणि अळी यांचाच हा पुरातन दावा आहे, आणि तो जनुकांच्या नियमनावर चालला आहे.

खास जंगलाची कीड घ्यायची तर लिमँट्रिया डिस्पर या पतंगाचे उदाहरण घ्यावे. त्रूव्हलो नावाच्या एका फ्रेंच गृहस्थाने रेशमाच्या नादाने तो युरोपातून अमेरिकेत नेला, आणि १८६८-६९च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समधील मेडफर्ड गावी तो त्याच्या हातून निसटला. त्या पतंगाच्या अळ्यांसाठीच शिशाचे आर्सेनेट हे विष पुढे आले. ते पुरेना, तेव्हा १९५७ साली अमेरिकेच्या पूर्वेकडील सुमारे तीस लक्ष एकरांवर विमानांतून डीडीटीचा वर्षाव झाला. जंगलावर झाला, गावांवर झाला, गाईंच्या कुरणांवर झाला. लाँग आयलंडचे रहिवासी फिर्याद घेऊन कोर्टात गेले. त्या प्रकरणाने ज्यांचे लक्ष वेधले त्यांत रेचेल कार्सन होत्या, आणि १९६२ साली त्यांचे ‘सायलेंट स्प्रिंग’ प्रसिद्ध झाले. पतंग मात्र आजही आहे. चीनमध्ये हार्बिनच्या वनविद्यापीठात त्याच पतंगाच्या अळ्यांना निरनिराळी कीटकनाशके अल्प प्रमाणात देऊन बारा पी-४५० जनुकांचे वाचन मोजले गेले. प्रत्येक विषाला प्रत्येक जनुकाचा जबाब निराळा होता. कोणते लगेच जागे होते, कोणते दिवसांनी. ही अळी शेकडो जातींच्या झाडांवर चरते. जिने इतक्या झाडांची रसायने चाखली, तिच्या दफ्तरात इतक्या तऱ्हेची उत्तरे असावीत, यात नवल कोणते?

आपल्याकडच्या जंगलांवर सुदैवाने असा वर्षाव क्वचितच झाला. केरळात कोन्नी येथे १९६५ साली सागाच्या अळीवर हवेतून एन्ड्रिन मारले होते. पुढे मध्य प्रदेशातही तसा एक प्रयोग झाला. तो पायंडा पडला नाही याचे श्रेय शहाणपणाला द्यावे की पैशाच्या टंचाईला, हा वाद मी येथे उकरून काढीत नाही. टंचाईनेही कधी कधी पुण्य घडते.

मग अळी आली तर हात बांधून बसावे काय? मी तसे म्हणत नाही. मंडल्याच्या सालवनांची हकिकत पाहा. तेथे साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्याने १९२३ ते १९२८ या काळात आणि पुन्हा १९९६च्या पुढे लक्षावधी वृक्षांचा बळी घेतला. त्याची अळी खोडाच्या आत. तेथे फवारा पोचणार कसा? पण वनखात्याच्या जुन्या लोकांना ठाऊक होते की, ताज्या तोडलेल्या सालवृक्षाची साल ठेचली की तिच्या रसाच्या वासाने भुंगेरे दुरून धावत येतात आणि रस पिऊन झिंगल्यासारखे पडून राहतात. गावकऱ्यांनी ते हाताने वेचले आणि नगावर पैसे घेतले. भुंगेऱ्याच्या दफ्तरात या युक्तीवर उतारा नव्हता, कारण ही युक्ती विषाची नव्हती, लोभाची होती. सागाच्या अळीपुरते बोलायचे तर तिच्यावर पडणारा एक विषाणू पीचीच्या संस्थेने हुडकला आहे. तो लागलेली अळी विरघळल्यासारखी होऊन मरते, आणि मधमाशीला त्याचा उपद्रव नाही.

नव्या उपायांबद्दलही दोन शब्द. जनुकाचीच नक्कल मारून टाकणारा आरएनएचा फवारा निघाला आहे; बटाट्यावरच्या भुंगेऱ्यासाठी अमेरिकेने २०२३च्या अखेरीस त्याला परवानगी दिली. रुमाल सुटला तरी कागद वाचू द्यायचा नाही, अशी ही अजब तजवीज. मी तिचे स्वागत करतो. पण परवानगीच्या आधीच, प्रयोगशाळेत, त्याच भुंगेऱ्याने अशा आरएनएलाही न जुमानणारी पिढी निर्माण करून दाखवली होती, हे विसरू नये. जे हत्यार एकट्याने आणि रोज चालवले जाते ते बोथट होते. हत्यार कोणत्या शास्त्राने घडवले आहे, याला अळीच्या लेखी महत्त्व नाही.

आशा एकाच गोष्टीत आहे. कोठार सताड उघडे ठेवण्याला खर्च येतो. विकर घडवायला जे अन्न लागते ते अंड्यांच्या वाट्यातून जाते. म्हणून पुष्कळ ठिकाणी विष थांबले की, ढिल्या गाठीच्या किडी मागे पडतात आणि घट्ट गाठीच्या पुन्हा पुढे येतात. नेहमीच असे घडते, असे मी सांगणार नाही. डीडीटी न जुमानणाऱ्या फळमाश्या डीडीटी गेल्यावरही जगभर सुखाने नांदत आहेत. परंतु जेथे घडते तेथे ते उसंत दिल्यानेच घडते. एक विष सतत न मारणे, मारलेच तर त्याच घराण्यातले दुसरे विष नवे नाव पाहून न घेणे, आणि अर्धवट मात्रा देऊन अळीचे फर्मान उगीच जागे न करणे, एवढे पथ्य त्याला लागते.

आणि हे पथ्य पाळायचे तर एक गोष्ट हाताशी हवी; तिचा उल्लेख करून मी आपली रजा घेतो. आज सकाळी मी लवकर पोचलो म्हणून जवळच्याच एका गृहसंकुलाच्या बागेत हिंडलो. माळीबुवा पाठीवर पंप बांधून कदंबावर, बहाव्यावर, कुंपणावर, जे समोर येईल त्यावर फवारीत होते. कोणती कीड पडली आहे, असे विचारले; ते म्हणाले, कीड नाही, महिन्याची पहिली तारीख आहे. मागच्या महिन्यात कोणते औषध होते? ते ठेकेदाराला ठाऊक. ठेकेदाराकडे नोंद आहे काय? माळीबुवा हसले.

अळीच्या घरी कोट्यवधी वर्षांचे दफ्तर आहे आणि आपल्या घरी साधी वही नाही. येथे संकुलांच्या समित्यांवरचे काही सभासद बसले आहेत, कंपन्यांच्या बागा सांभाळणारेही असतील. त्यांना माझी विनंती आहे : उद्या सकाळी दोनशे पानी एक वही आणा, तीत तारीख, झाड, प्रत्यक्ष पाहिलेली कीड आणि मारलेल्या औषधाच्या डब्यावरचे रासायनिक नाव, असे चार रकाने आखा, आणि कीड पाहिल्याचा रकाना कोरा असेल त्या दिवशी पंप कोठीतच राहू द्या.